शेवटची भूक

"शेवटची कडकडून भूक कधी लागली होती?" भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मी गप्पच झाले. तोवर सगळी उत्तरं फटाफट दिली होती. वय, वजन, आधीची ऑपरेशनं, बाळंतपणं, दात हलतात का, घोरता का, जिना चढताना धाप लागते का. आठवड्याला घेते त्या वजनाच्या इंजेक्शनचंही सांगून झालं होतं, कधी सुरू केलं, डोस कधी वाढवला, सगळं. त्यावर बाई जरा खूशच झाल्या होत्या. म्हणाल्या, पुष्कळ लोक हे सांगतच नाहीत, त्यांना ते औषधात धरायचंच नसतं. आणि मग हा प्रश्न. शेवटचं जेवण कधी, ते मिनिटासकट सांगता आलं असतं. पण भूक? मी मागे मागे जात राहिले. आषाढी, वटपौर्णिमा, भाच्याचं लग्न, मे महिन्यातले आंबे. प्रत्येक ठिकाणी ताट आठवत होतं, ताटात काय होतं ते आठवत होतं. भूक कुठे सापडेना. शेजारी बसलेले हे माझ्या वतीने म्हणाले, "हिला हल्ली भूकच लागत नाही, डॉक्टर." आवाजात कौतुक होतं.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मला तो आधीचाच ऐकू येत राहिला.

ऑपरेशन पित्ताशयाचं होतं. खडे. दुर्बिणीतून काढायचं, दुसऱ्या दिवशी घरी, घाबरण्यासारखं काही नाही, असं सगळे सांगत होते, म्हणजे ज्यांना करून घ्यायचं नव्हतं ते सगळे. वजन झपाट्याने उतरलं की पित्तात खडे धरण्याची शक्यता वाढते, मग ते उपासमारीने उतरो, जठराच्या ऑपरेशनने उतरो की सुईने, हे आता मला पाठ झालंय. ही इंजेक्शनंही पित्ताशयाच्या तक्रारींना थोडा हातभार लावतात म्हणे. माझे खडे त्यातले, की चाळिशी ओलांडलेल्या, अंगाने भरलेल्या, लेकुरवाळ्या बायकांना पूर्वीपासून होत आलेत त्यातले, हे कुणी छातीठोकपणे सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. खडा काही आपल्या जन्माचा दाखला घेऊन येत नाही.

माझं माहेर सांगलीजवळच्या हरिपूरचं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळदीच्या वासातलं. आमच्या घरात लहान मुलाचे फारसे हट्ट चालत नसत, पण "भूक लागली" या दोन शब्दांपुढे सगळं थांबायचं. आई हातातलं काम टाकून उठायची. वडील मार्केट यार्डातून परतायचे ते हाता-नखांत पिवळा रंग घेऊन, आणि दारातूनच विचारायचे, "जेवलीस का?" अभ्यास केलास का, हे नंतर. कृष्णाकाठची ती पांढुरकी वांगी, भरून केलेली, वर तेलाचा तवंग, ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात, पापुद्रा फुगलेला, फोडला की वाफ. मी दोन संपवून तिसरी मागायचे तेव्हा आईच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मला पुढे कुठल्याही बक्षीस समारंभात दिसलं नाही. खात्यापित्या घरची पोरगी, असं म्हणायचे. लग्न ठरतानाही म्हणाले, तेव्हा ते गुणांच्या यादीत होतं. पुढे कधीतरी ते त्या यादीतून निघालं आणि दुसऱ्या यादीत गेलं, आणि मला कुणी कळवलं नाही.

मग साखर निघाली. गुडघे बोलायला लागले. हरिपूर रस्त्याने पहाटे चालणं झालं, भात सोडणं झालं, कोमट पाण्यात लिंबू झालं, एका बाईंचं कसलंसं चूर्णही झालं. वजन उतरायचं आणि दिवाळीला पाहुण्यासारखं परत यायचं, राहायला. 2025 च्या मार्चमध्ये टिर्झेपाटाइड, म्हणजे माझं हे आठवड्याचं इंजेक्शन, भारतात आलं, आधी कुपीत, मग पेनात. आमच्या फिजिशियननी ते सुचवलं तेव्हा मी किंमत ऐकून हसले होते. पण मुलगा म्हणाला, आई, गुडघ्याच्या ऑपरेशनपेक्षा स्वस्तच आहे. अडीच मिलिग्रॅमपासून सुरुवात, निदान चार आठवड्यांनी पाच, मग साडेसात. दर रविवारी सकाळी पोटाच्या कातडीखाली बारीकशी टोचणी, मुंगी चावल्याइतकीसुद्धा नाही.

आणि डोक्यातलं खाणं बंद झालं. हे ज्यांनी अनुभवलेलं नाही त्यांना सांगणं अवघड आहे. चहा पिताना नाश्त्याचा विचार, नाश्ता करताना जेवणाचा, जेवताना फ्रिजमधल्या उरलेल्या श्रीखंडाचा, असं माझं चाळीसेक वर्षं चाललेलं होतं आणि सगळ्यांचंच तसं चालत असेल असं मी धरून चालले होते. ते एका महिन्यात शांत झालं. भडंगाचा डबा उघडा राहिला तरी हात जात नव्हता. नातेवाईक म्हणायला लागले, किती संयम आहे गं तुझ्यात! पूर्वी मी खरोखर दात-ओठ खाऊन अर्ध्या भाकरीवर उठायचे तेव्हा कुणी असं म्हटलं नव्हतं. आता ताटातलं उरायचं, कारण आतच जात नव्हतं, आणि लोक संयमाचे गोडवे गात होते. याचा राग यायचा. कुणाचा, ते ठरवता यायचं नाही.

सासूबाईंनी मात्र बरोबर जागी बोट ठेवलं. त्या तासगावकडच्या, ऐंशी ओलांडलेल्या, आणि उपासांच्या बाबतीत कडक. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, शिवाय काही वार असे की ते कुठल्या देवाचे हे आता त्यांनाही आठवत नाही, पण सोडायचे नाहीत. आषाढीला मी साबुदाण्याची खिचडी केली. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आमच्या घरात दरवर्षी कुणीतरी म्हणायचं आणि ते माझ्याकडे बघून म्हणायचं. यंदा मी वाटीभरसुद्धा संपवू शकले नाही. चार घास झाले आणि छातीपर्यंत भरल्यासारखं झालं, आदल्या रात्रीचं जेवण अजून आतच असावं तसं. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "तुला भूकच न्हाई, तर उपास कसला गं? मारायला आधी असावी लागती ती." मी हसण्यावारी नेलं. पण रात्री विठ्ठलाला हात जोडताना वाटलं, आज मी नेमकं काय दिलं? जे माझ्याजवळ नव्हतंच ते सोडून काय पुण्य लागणार?

आदल्या रात्रीचं जेवण अजून आत असावं, हा नुसता भास नव्हता, हे मिरजेला कळलं.

मिरजेचं काय सांगायचं. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये तिथे इस्पितळ उघडलं तेव्हापासून आमच्याकडे "मिरजेला नेलं" एवढं म्हटलं की पुढचं विचारायची गरज नसते. कर्नाटकातून, कोकणातून माणसं येतात. सतारी, तंबोरे आणि ऑपरेशनं, असं ते गाव. श्रावणातला पाऊस लागलेला होता, दवाखान्याच्या बाकड्यांवर ओल्या छत्र्यांचा वास, आणि माणसं आपापल्या दुखण्याच्या मधेमधे एकमेकांना विचारत होती, सांगलीच्या आयर्विन पुलाला पातळी किती? अशा गर्दीतही भुलीच्या बाईंनी मला चांगला वेळ दिला. ही इंजेक्शनं जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतात, त्यामुळेही लवकर भरल्यासारखं वाटतं. एरवी ते सोयीचं. पण भूल दिली की गिळण्याचं, खोकल्याचं भान जातं, आणि त्या वेळी जठरात अन्न असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेत, फुप्फुसात उतरू शकतं. कर्टिस मेंडेलसन नावाच्या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 1946 मध्ये हे नीट मांडलं, बाळंतपणात भूल दिलेल्या बायकांवरून. 44,016 बाळंतपणांत 66 वेळा जठरातलं फुप्फुसात गेलं होतं. आपल्याला माहीत असलेला तो नियम, ऑपरेशनआधी काही खायचं नाही, त्याची धार पुढे याच कामातून आली. हलकं खाणं सहा तास आधी बंद, तेलकट-तुपकट आठ तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. नर्सबाई "रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही" म्हणून टाकतात तो भाग वेगळा.

पण हे सगळे तास साध्या पोटाचे. माझं पोट त्या घड्याळावर चालत नव्हतं. मी उपाशी असूनही पोट रिकामं नसेल, हे ऐकल्यावर मला आधी आठवल्या त्या सासूबाई.

आता किती दिवस थांबवायचं, यावर एकमत नव्हतं, आणि याची मला गंमतही वाटली आणि धास्तीही. फिजिशियन म्हणाले, थांबवायची गरज नाही, साखर वाढेल. सर्जनच्या मदतनिसांनी फोनवर सांगितलं, पंधरा दिवस बंद. औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणाला, एक आठवडा, सगळे तेच करतात. तिघेही आपापल्या परीने कुठूनतरी बरोबर होते. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने जून 2023 मध्ये सांगितलं होतं, आठवड्याचं इंजेक्शन असेल तर एक आठवडा आधी थांबवा. ऑक्टोबर 2024 मध्ये तिथल्याच पाच संघटनांनी मिळून ते बदललं, बहुतेकांनी चालू ठेवलं तरी चालेल, ज्यांना धोका जास्त त्यांचा वेगळा विचार करा. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनीही 2025 च्या सुरुवातीला साधारण असंच, सरसकट थांबवू नका, असं म्हटलं. बाईंनी हे सांगताना लपवाछपवी केली नाही, त्याचं मला बरं वाटलं. शिवाय थांबवून तरी किती जातं? टिर्झेपाटाइड अंगातून निम्मं व्हायलाच पाच दिवस लागतात, त्याच जातीच्या सेमाग्लुटाइडला तर आठवडा. एक रविवार चुकवला म्हणजे औषध गेलं असं नसतं, बरंचसं आतच असतं. माझा डोस नुकताच वाढलेला, मळमळ चालू, चार घासांत पोट भरलेलं, आणि ऑपरेशन तातडीचं नाही. हे सगळं धरून त्या म्हणाल्या, आपण थांबवू, साखरेचं तुमच्या फिजिशियनांशी मी बोलते, आदल्या दिवशी फक्त पातळ, आणि त्या दिवशी सकाळी मी स्वतः सोनोग्राफीने पोट बघणार.

पेन फ्रिजच्या दारात लसणाच्या चटणीशेजारी पडून राहिलं.

पहिल्या चुकलेल्या रविवारनंतर काहीच झालं नाही. पुढच्या आठवड्यात एकदा ऑफिसात, साडेअकराच्या सुमाराला, शेजारच्या टेबलावर डबा उघडला. शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा, घडीच्या पोळ्यांचा तो डब्यात घामेजलेला वास. आणि पोटात काहीतरी मुरडलं. मला वाटलं पित्ताशय. उजव्या कुशीवर हात ठेवून मी वाट बघितली, कळ येते का. कळ आली नाही. तोंडाला पाणी सुटलं. पोटात कावळे ओरडायला लागले, खरोखरीचे, इतके की समोर बसलेल्या नवीन मुलीने ऐकलं आणि खाली बघून हसली. मला रडू आलं असतं. हातातली फाइल मिटून मी सगळ्यांच्या आधी डबा उघडला आणि दोडक्याची भाजी खाल्ली, जी मला जन्मात आवडलेली नाही, आणि ती इतकी गोड लागली की घरी येऊन मी सासूबाईंना विचारलं, आज भाजीत काय घातलं होतं. "कूट," त्या म्हणाल्या, "रोजच्यासारखा."

ही गोष्ट इथे थांबली असती तर मी सगळ्यांना सांगत फिरले असते, की भूक ही केवढी मोठी देणगी वगैरे. पण दोन-चार दिवसांत तिच्यामागून तीही आली, दुसरी, जिला भूक म्हणायचं का मला अजून ठरवता येत नाही. रात्री अकराला, पोटभर जेवून झाल्यावर, मी ओट्याजवळ अंधारात भडंगाचा डबा धरून उभी होते. दिवा लावला नव्हता कारण दिवा लावला की ते खाणं ठरतं. बोटांना तेल, तिखट आणि लसणीचा वास, कुरकुरीत आवाज होऊ नये म्हणून मुरमुरे तोंडात मऊ होऊ द्यायचे, ही युक्ती माझ्या जिभेला न शिकवता आठवली. सकाळी उपाशीपोटीची साखर वर गेलेली. ऑफिसात बैठक चालू असताना मला ऐकू येत होतं, घरी बेदाणे आहेत, तासगावचे, नवीन आलेत. कित्येक महिन्यांनी ती बडबड परत सुरू झाली होती आणि मला कळलं की मला तिची आठवणसुद्धा आली नव्हती. दोडक्याच्या भाजीची भूक मला हवी होती. डब्याची नको होती. पण दोघी एकाच वेळी आल्या, एकीला घरात घ्यायचं आणि दुसरीला दार लावायचं असली सोय अजून तरी कुठल्या पेनात नाही.

सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. हे वाचलं तेव्हा मी डबा खाली ठेवला. मग थोड्या वेळाने परत उचलला.

आदल्या दिवशी नारळपाणी, गाळलेलं सूप, सरबत. श्रावणी सोमवार नेमका तोच. घरात सासूबाईही उपाशी, मीही, आणि दुपारी चारच्या सुमाराला आम्ही दोघी सोप्यात बसून एकमेकींकडे बघत होतो. माझ्या पोटात आता चांगलीच आग पडली होती. "लागली का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लागली, आई." त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी उपास सोडताना त्यांनी माझ्यासमोर पान मांडून घेतलं नाही, आत स्वयंपाकघरात जाऊन जेवल्या. एवढं माझ्यासाठी त्यांनी कधी केल्याचं मला आठवत नाही.

सकाळी भुलीच्या बाईंनी मला उजव्या कुशीवर वळवलं, बरगड्यांच्या खाली थंडगार जेल लावलं आणि यंत्राचा गोळा दाबला. त्या पडद्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. आणि मला हरिपूरची पेवं आठवली. नदीकाठच्या मातीत खोदलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठं, वर्षानुवर्षं हळद आत राहायची, कीड लागायची नाही. 2005 च्या पुरात पाणी शिरलं तेव्हापासून बरीच गेली. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा कोंडलेली असते, माणूस उतरला तर परत यायचा नाही. आधी तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा, ज्योत टिकते का बघायची. वडील कठड्याशी उकिडवे बसून असेच बघायचे, कपाळाला आठी, ओठ मिटलेले, आणि आम्हा मुलांना जवळ यायची बंदी. किती पोती आत आहेत हे वहीत लिहिलेलं असायचं, तरीही बघायचेच. बाईंनाही मी सांगितलेलं सगळं कागदावर होतं. "रिकामं आहे," त्या म्हणाल्या, आणि आठी गेली. नसतं तर? तर पुढे ढकललं असतं, त्या म्हणाल्या, किंवा पोट भरलेलं धरून वेगळ्या पद्धतीने, झटपट नळी घालून भूल दिली असती. अगदी सहज सांगितलं त्यांनी.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही. दिवे, थंडी, कुणीतरी म्हणालं दीर्घ श्वास घ्या. जागी झाले तेव्हा घसा खवखवत होता आणि खडे एका प्लॅस्टिकच्या डबीत होते, हिरवट पिवळे, हरभऱ्याएवढे. ह्यांनी ते चार लोकांना दाखवले.

साताऱ्याच्या नणंदबाईंचा परवा फोन आला. त्यांची कोलोनोस्कोपी आहे, मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज खाली घेऊन त्यांनी विचारलं, तू ते इंजेक्शन किती दिवस बंद ठेवलं होतंस? मला माहीतच नव्हतं की त्याही घेतात. गेल्या दिवाळीत त्या किती बारीक झाल्या म्हणून सगळ्यांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, योगासनं. मी म्हटलं, माझे दिवस तुम्हाला लागू नाहीत, तुमचा डोस वेगळा, साखर वेगळी, मनाने बंदही करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. "सांगायलाच पाहिजे का? हे सोबत असणार गं." पाहिजे, मी म्हटलं. बराच वेळ पलीकडून नुसता टीव्हीचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "बघते. ह्यांना पार्किंगला पाठवते."

फिजिशियन म्हणतात, बरेच डोस चुकलेत, तेव्हा थेट साडेसातवर नको, पुन्हा अडीचपासून सुरुवात करू. हे म्हणतात, लवकर कर, परत वाढायला लागलंय. ते खरंय, कपाटातल्या मधल्या खणातले कपडे मी पुन्हा खाली काढलेत. मला वाटलं होतं सासूबाई तरी माझ्या बाजूने बोलतील. त्या म्हणाल्या, "घे गं. उपास मी करते, तू गुडघं बघ." मी डॉक्टरांना विचारलंय की डोस जरा खालीच ठेवून चालेल का, इतका की भाजीची चव कळेल आणि डबा उघडावासा वाटणार नाही. ते हसले नाहीत, म्हणाले करून बघू, प्रत्येकाचं वेगळं असतं. रविवारी घेणार आहे, नाश्ता झाल्यावर. नाश्त्याचं मात्र अजून ठरत नाहीये. सासूबाईंना तिखटमिठाचा सांजा करायचाय, ह्यांना गावातून मिसळ आणायचीय. मी दोघांनाही हो म्हणून ठेवलंय.